मेढीचा खड्डा

मयुरी नलवडेनं आमदारांचा नारळ स्वतःच फोडून टाकला, ही गोष्ट तारवड्याच्या पेठेत अजून रंगवून सांगतात. सांगणारे तिखटमीठ लावतात ते सोडा. कुणी म्हणतं, तिनं तो त्यांच्या हातातून हिसकावला. छे! आमदार तेव्हा गावाच्या वेशीवरसुद्धा पोचले नव्हते, हीच तर सगळी पंचाईत होती. बँडवाले घाम पुसत होते, सत्काराचे हार सुकायला लागले होते, आणि गरम माल भरलेले ट्रक पेठेच्या तोंडाशी वाफा सोडत उभे होते. मयुरीनं मालाचं तापमान पाहिलं, पुन्हा पाहिलं, ताटातला हळदकुंकू लावलेला नारळ उचलला, कडेच्या दगडावर आपटला आणि ओरडली, "झालं उद्घाटन! माल ओता!"

आमदार आले तेव्हा रोलर निम्मी पेठ फिरून आला होता. त्यांनी हसत फोटो काढून घेतला आणि पुढं नगराध्यक्षांशी बरेच दिवस बोलले नाहीत.

तिची घाई काही नखरा नव्हता. डांबराचा जाड थर बराच वेळ ऊब धरून राहतो, त्यामुळं त्याला भाषणं चालतात. मयुरीचा थर बोटभर जाडीचा. पातेल्यातला भात आणि ताटात पसरलेला भात यातला पसरलेला आधी निवतो, तसंच इथंही. निवायच्या आत रोलर फिरला नाही तर खडी नीट बसत नाही, आत पोकळ्या राहतात, आणि तारवड्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात पोकळी राहिली की पाणी तिथं बिऱ्हाड करणारच.

आता कुणी विचारेल, एवढा पातळ थर करायची हौस कुणाला होती? हौस नव्हती हो, वेळ आली होती. डांबर म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाला उरणारा काळा गाळ. गाड्या बॅटरीवर गेल्या, पेट्रोलपंपांची चार्जिंगची ठाणी झाली, तेल शुद्ध करणारे कारखाने एकामागून एक बंद पडले. चहाच करायचा बंद केला तर गाळण्यात चोथा कुठून उरणार? देशभरचे रस्ते डांबराचे आणि डांबर दुर्मीळ. सिमेंटचा रस्ता करावा तर त्याला डोंगरच्या डोंगर फोडावे लागतात, आणि पाइप टाकायला एकदा उखडला की तो पहिल्यासारखा कधी होत नाही. तेव्हा आहे तेवढं डांबर पातळ पसरायचं आणि ते टिकवायचं, एवढाच मार्ग उरला होता.

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. देशमाने यांच्या हाताखाली मयुरीनं या एकाच थरावर उमेदीची वर्षं घातली होती. त्याला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. पेठेतल्या बायकांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'साय' ठेवलं, आणि मग प्रयोगशाळेतही तेच चालू झालं.

सायीची करामत अशी. रस्ता खडीचा असतो आणि डांबर तिला धरून ठेवतं. उन्हानं, वाऱ्यानं डांबर वाळतं, केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेत पाणी शिरतं, वरून चाक जातं, चाकाखाली दबलेलं पाणी वाट मिळेल तिकडं मुसंडी मारतं आणि खडी सुटते. खड्डा हा असा आतून पडतो, आपल्याला दिसतो फार उशिरा. मयुरीनं डांबरात केसासारख्या बारीक पोलादी तारा मिसळल्या. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, एक गाडी रस्त्यावरून गोगलगायीच्या गतीनं जाते. तिच्या पोटाखाली स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीसारखीच, पण आडदांड शेगडी असते. ती फक्त तारा तापवते. तारांभोवतालचं डांबर तेवढ्यापुरतं पाघळतं, भेगांत उतरतं आणि भेगा मिटतात. पेठेतली माणसं म्हणायची, "आज रस्त्याला शेक द्यायचा हाय." शिवाय त्याच तारांतून विजेचा बारीकसा प्रवाह खेळत असे, आणि कुठं थर तुटला तर मयुरीच्या फोनवर त्याच जागी तांबडा ठिपका उमटे.

पण साय ती सायच. तिला स्वतःचं बळ नाही. खालच्या थराला चिकटून आहे तोवर तिच्यावरून उसाची ट्रॉली जाऊ दे. चिकटलेपण सुटलं की पापुद्रा. भेग ती बुजवू शकत होती, आरपार भोक नाही. भोकाच्या कडेला दोन थरांमधली फट उघडी पडते, पाणी तिथून शिरतं आणि चाकं सायीला उचलून उचलून सोलून काढतात.

सरकारच्या रस्ते खात्याची अट सरळ होती. भर पावसाच्या गावात तीन पावसाळे साय टिकली पाहिजे, ठिगळ लावायचं नाही, खड्डा पडता कामा नये. टिकली तर राज्यभर घालू आणि ते काम मयुरीनं मुंबईत बसून बघायचं. नाही टिकली तर डांबराचा नाद सोडू, डोंगर फोडू. मयुरीनं प्रयोगासाठी आपलं माहेरगाव निवडलं. पाऊस तर इथं कोसळायचाच, वर गावचे लोक आपलं ऐकतील असा तिचा होरा होता.

ऐकलं म्हणजे काय, ऐकायला लावलं तिनं! आपल्याकडं रस्ता झाला की सगळ्यात आधी काय होतं? पहार घेऊन कुणीतरी त्याला भोक पाडतं. गणपतीचा मांडव, उरसाची कमान, बारशाचा शामियाना, सगळ्यांचे खांब रस्त्यातच. पहिल्या वर्षी गणेश मंडळाचा सुधीर गुरव पहार घेऊन आला, तेव्हा ही बाई पेठेत मधोमध मांडी घालून बसली.

"आधी मला खणा, मग रस्ता!"

"मयुताई, गणपती काय हवेत बसवू व्हय?" सुधीर म्हणाला.

"वाळू भरलेल्या पिंपात खांब उभे करा. बाप्पाला फरक पडत नाही."

शेवटी वाळूची पिंपं आली. पेठेतल्या घरांना अंगणं उरली नव्हती, रस्तारुंदीत केव्हाच गेली होती. दाराखाली पायरी आणि पायरीखाली रस्ता. म्हणून लग्नाची मुहूर्तमेढसुद्धा लोक रस्त्यातच रोवायचे. मांडवाचा पहिला खांब, त्याची पूजा केल्याशिवाय लग्नघर लग्नघर होत नाही. मयुरीनं घरोघरी मातीनं भरलेले तेलाचे डबे नेऊन दिले. "डब्यात लावली तरी लग्न लागतं, काकू," असं प्रत्येकीला सांगितलं. तिच्या स्वतःच्या लग्नाची मेढ डब्यातच लागली होती, रस्ता नवा होता तेव्हाच. ते लग्न वर्षभरात मोडलं. नवरा काही वाईट नव्हता, पण त्याला साइटवर न जाणारी बायको हवी होती. मयुरी आईकडं परत आली आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभी राहिली.

दोन पावसाळे पेठेनं काढले, साधा ओरखडा नाही. तिसऱ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, तिच्या धाकट्या भावाचं, विराजचं लग्न निघालं.

त्या सकाळी ती शेकाची गाडी आणायला कोल्हापूरला गेली होती. वर्कशॉपमध्ये गाडीखाली वाकलेली असताना फोन थरथरला. पेठेच्या नकाशावर तांबडा ठिपका. कोण तो शहाणा, म्हणून तिनं नकाशा मोठा केला. ठिपका नलवड्यांच्या दारात होता.

घरी पोचली तेव्हा उंबराची हिरवीगार मेढ दिमाखात उभी होती. आंब्याचे डहाळे, हळदीकुंकवाची बोटं, बुडाशी ओली माती. आई, छायाबाई, पायरीवर हात पुसत उभी.

"कुणी खणलं?"

"मी सांगितलं, विराजनं पहार मारली," आई म्हणाली. "आणि आवाज खाली कर. सोयरे बसल्यात आत."

"आई, अख्ख्या पेठेला मी डबे दिले! घाटग्यांच्या पोरीच्या लग्नात मी स्वतः डबा उचलून नेला. आता मी कुठल्या तोंडानं फिरू?"

"तुझीपण डब्यातच लावली हुती."

मयुरीनं हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"वर्षात परत आलीस," आई बोलतच राहिली, आणि तिचा आवाज चिरकला. "मी तुला एका शब्दानं बोलले न्हाई. लोकं बोलली तवा दार लावून घेतलं. पण रोज मनात येतंय, मेढ भुईत गेलीच न्हाई तर संसार मुळं कुठं धरणार? पोराच्या वक्ताला मी डबा ठेवणार न्हाई. तुझा रस्ता फाटला तर तू शिवशील गं. संसार फाटल्यावर कोण शिवतंय?"

'डब्याचा आणि घटस्फोटाचा काही संबंध नाही' हे सिद्ध करणारं यंत्र कुठल्या प्रयोगशाळेत नव्हतं. मयुरीला रागही आला आणि रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं आणि माडीवर जाऊन दार आपटलं.

देशमाने सरांचा फोन वाट बघत असल्यासारखा लगेच वाजला. पुण्यातही ठिपका दिसला होता.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. सर स्वभावानं मऊ, आणि सायीवर त्यांचाही जीव. "लग्न झालं की मेढ निघेल. गरम माल भरून कड सांधून टाक. पायरीलगतचा कोपरा आहे, तेवढा परीक्षणाच्या हद्दीबाहेर दाखवू. कोण बघतंय?"

"आणि राज्यभर साय घातल्यावर, सर?"

"तेव्हा लोकांना समजावू. तू तारवड्यात समजावलंसच की."

फोन ठेवला तरी हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. खिडकीतून खाली मेढ दिसत होती आणि मेढीपाशी सुधीर गुरव उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्यामागं पेठेतली आणखी चारदोन माणसं.

"मयुताई!" तो खालून ओरडला. "दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण व्हय? आता आमचा गणपतीबी भुईतच बसणार, सांगून ठेवतो!"

ती खाली येईपर्यंत तिच्या मनात एक गोष्ट स्वच्छ झाली होती आणि ती फार कडू होती. पेठेतला रस्ता सायीनं टिकवला नव्हता. तिच्या आरडाओरड्यानं टिकवला होता. राज्यात गावं किती, आणि प्रत्येक गावात रस्त्यावर मांडी घालून बसायला मयुरी नलवडे कुठून आणायची? ज्या रस्त्याला मेढ सोसत नाही, तो रस्ता या लोकांसाठी केलेलाच नाही. तिच्या स्वतःच्या घरात ती मेढ थांबवू शकली नव्हती.

"सुधीरभाऊ," ती म्हणाली, "खणा."

"आं?"

"खणा म्हणते. गणपतीला जिथं जिथं खांब रोवता, तिथं तिथं. पण गणपतीपर्यंत थांबू नका, पावसाच्या आधी खणा. आणि ज्यांनी ज्यांनी डब्यात मेढ लावली, त्या सगळ्यांच्या दारात एकेक भोक पाडा."

सुधीर भांडायला आला होता. भांडणच हातातून काढून घेतल्यावर त्याला काय करावं कळेना. "डोक्यावर परिणाम झाला काय हिच्या?" एवढंच त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं.

देशमाने सरांनी फोनवर तेच जरा सभ्य शब्दांत विचारलं. "नापास झालो तर सगळी वर्षं पाण्यात जातील, मयुरी!"

"झाकून पास झालो तर राज्यभरचे रस्ते पाण्यात जातील, सर. मला ह्या पावसाळ्यात कळायला हवं, साय भोकासकट जगते का मरते."

सर म्हणाले, "मरणारच आहे. तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. म्हणून तर लग्नाच्या गडबडीत, हळदीच्या अंगानं, ती दिवसातून दहादा त्या खड्ड्यापाशी उकिडवी बसायची. पाहुणे म्हणायचे, करवलीचं काहीतरी हरवलंय वाटतं.

लग्न झालं, मेढ निघाली, आणि त्याच आठवड्यात शेकाची गाडी पेठेतून गेली. खड्ड्यावरून गाडी सरकली तेव्हा मयुरी शेजारून चालत होती. तारा तापल्या, खड्ड्याच्या काठावरचं डांबर पाघळलं, आणि गाडीचं चाक काठावर टेकलं त्या बाजूला सायीची कड आत वळून खड्ड्याच्या भिंतीला जाऊन चिकटली. निवल्यावर मयुरीनं बोट फिरवलं. दुसऱ्या बाजूला दोन थरांमधली फट नखाला लागत होती. या बाजूला फटच नव्हती. सायीनं ती स्वतःच झाकून घेतली होती.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली आणि इंडक्शन शेगडी उचलून घेऊन आली.

"अगं माझी शेगडी!" आई मागून ओरडली. "दूध ठेवलंय मी!"

मयुरीनं सुधीरनं पाडलेल्या एका भोकाच्या तोंडात लोखंडी कडं बसवलं, त्यावर शेगडी पालथी घातली. भांडं नाही म्हणून शेगडी किंचाळून बंद पडली. मयुरीनं तिचं पोट उघडून एक तार इकडची तिकडं केली, तेव्हा ती मुकाट चालली. कडं तापलं, सायीतल्या तारा तापल्या. काठ मऊ झाल्यावर तिनं कडं काढून जमीन चोपायच्या लाकडी धुम्मसानं कड आत दाबली, गोल फिरत, हळूहळू. आई दुधाचं भांडं हातात घेऊन बघत उभी होती.

"हे काय करतीस?"

"तू करंजीला मुरड घालतेस ना, सारण बाहेर येऊ नये म्हणून? तशी ही मुरड. फक्त इथं बाहेरचं पाणी आत जायला नको."

आईनं वाकून पाहिलं. "जरा जाडी झाली," ती म्हणाली, आणि दूध तापवायला चूल शोधायला गेली.

सगळ्या भोकांना मुरड घातली गेली. शेवटी राहिलं ते नलवड्यांच्या दारातलं. तिथं मयुरीनं धुम्मस बाजूला ठेवलं आणि छिन्नी घेतली. शेकाच्या गाडीनं वळवलेली कड तिनं ठोकून काढून टाकली, जुनी फट पुन्हा उघडी केली.

आता मात्र आईला राहवलं नाही. "सगळ्या गावाला मुरड आणि आपल्याच दारात उघडं? माझ्यावर डूख धरलास व्हय?"

"नाही गं आई." मयुरी छिन्नी टेकून तिथंच पायरीवर बसली. "एक तरी बिनमुरडीचं ठेवायलाच हवं. नाहीतर बाकीची मुरडीनं टिकली का उगाच टिकली, हे कळणार कसं? आणि जे ठेवीन त्याचा खड्डा होणार हे मला माहीत आहे. तो मी दुसऱ्याच्या दारात कसा ठेवू?"

आईला पटलं नव्हतं, पण समजलं होतं.

मग पाऊस लागला. तारवड्याचा पाऊस म्हणजे छत्री ही वस्तू कशाला शोधली असा प्रश्न पाडणारा. दारातल्या भोकाची कड पंधरवड्यातच उचलली गेली. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी, आषाढ सरेपर्यंत परातीएवढी साय सोलून निघाली आणि खालची खडी दात काढून दिसायला लागली. ट्रॉली गेली की गढूळ पाणी थेट उंबऱ्यात. नव्या सुनेची मंगळागौरीची साडी बरबटली. जाणारा येणारा म्हणायचा, "इंजिनेरणीच्या दारात खड्डा, वा रे वा!" बाजारात कुणी छायाबाईंना मुद्दाम विचारायचं, "काय वं, लेकीचा रस्ता खचला म्हणं?"

एकदा विराज वैतागला. घमेलंभर विटांचे तुकडे घेऊन तो खड्डा बुजवायला निघाला, तर आईनं दारातच त्याचा हात धरला.

"ठेव ते खाली."

"आई, लोकं हसत्यात!"

"हसू देत. बहिणीनं ठेवलाय तो. एक खडा जरी टाकलास तर गाठ माझ्याशी हाय."

तिनं खड्ड्यावरून एक फळी टाकली आणि पावसाळाभर त्या फळीवरून ये-जा केली. मयुरीनं हे सगळं माडीच्या खिडकीतून ऐकलं. आपण आईला केवढ्या शरमेत लोटलंय या विचारानं तिचा जीव कासावीस झाला, पण खड्डा तिनं बुजवला नाही.

दिवाळी झाल्यावर रस्ते खात्याचं परीक्षण पथक आलं. प्रमुख होत्या वाडदेकर बाई, निवृत्तीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. सगळी पेठ त्यांच्यामागून चालत होती, देशमाने सर पुण्याहून आले होते. बाई प्रत्येक भोकापाशी थांबायच्या, कडेला पाणी ओतायच्या, मग छोट्या हातोडीनं ठोकून कान द्यायच्या. साय सुटली असली की आवाज पोकळ येतो. घाटग्यांच्या दारात ठोकलं, आवाज भरीव. मंडळाच्या जागी ठोकलं, भरीव. गणपतीत दहा दिवस या भोकांतून खांब उभे होते, मिरवणुकीला अख्खं गाव यांच्यावर नाचलं होतं. एकही मुरड सुटली नव्हती. देशमाने सर रुमालानं चष्मा पुसत होते आणि पुन्हा पुन्हा पुसत होते.

शेवटी नलवड्यांचं दार आलं. इथं हातोडीची गरजच नव्हती.

वाडदेकर बाईंनी खड्ड्याकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं, मयुरीकडं पाहिलं. "तुम्हाला घातलेल्या अटीत एकही खड्डा चालत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

बाईंनी आवाज खाली आणला. "हा कोपरा पायरीला लागून आहे. घरच्या वापराची जागा म्हणून हद्दीबाहेर काढता येतो. तो माझा अधिकार आहे. बाकी सगळं मी पाहिलंय. तुम्ही फक्त हो म्हणा, आत्ता इथं पास करते."

आता खोटं कशाला सांगू, मयुरी डळमळली. एवढी वर्षं, अपुऱ्या झोपा, मोडलेला संसार, पावसाळाभरचे टोमणे, आणि समोर एका शब्दावर सगळं. शिवाय मुरड सिद्ध झालीच होती की! तिनं तोंड उघडलं, पण हो निघेना आणि नाहीही निघेना.

"बाहेर न्हाई बाई, आतच हाय त्यो," मागून आवाज आला.

छायाबाई फळीवर उभ्या होत्या, पदर खोचलेला. "ह्यो खड्डा मी पाडायला लावला. माझ्या पोराच्या लग्नाची मेढ हुती हितं. पोरीनं मुद्दाम उघडा ठेवला, आपल्या दारात ठेवला, आणि ह्यो पडला म्हणून तर बाकीची भोकं का टिकली ते तुमाला कळलं. आता नेमका ह्योच न्हाई म्हणून सांगायचं? मग माझ्या लेकीनं चार महिने लोकांचं ऐकून घेतलं ते कशापायी?"

एवढ्या वर्षांत आई पहिल्यांदाच तिच्या रस्त्याच्या बाजूनं बोलली होती.

"बरोबर बोलली आई," ती म्हणाली. "खड्डा आतच आहे."

"मग नियमानं मला नापास म्हणावं लागतं."

"म्हणा. पण नवीन साय टाकायची परवानगी द्या. मुरडीची भोकं पहिल्या दिवसापासून ठेवून, प्रत्येक दारात एक. लोकांनी पहार मारायची नाही, रस्त्यानंच जागा द्यायची."

"पुन्हा तीन पावसाळे जातील, मयुरी," देशमाने सर कळवळून म्हणाले.

"जाऊ देत, सर. ह्या खेपेला काही झाकायचं नाही आणि कुणाला अडवायचं नाही."

वाडदेकर बाईंनी हातोडी पिशवीत टाकली. "परवानगी देते," त्या म्हणाल्या. "तोवर डोंगर फोडायच्या फायली माझ्या टेबलावरून हलणार नाहीत, आणि माझ्या जागी येणाऱ्यालाही सांगून जाईन. पुढची साय घालाल तेव्हा कळवा. नोकरीत नसले तरी येईन."

गर्दीत कुणी टाळी वाजवली नाही. नापासाला टाळी कशी वाजवायची? सुधीर गुरव तेवढा खाकरून म्हणाला, "आमी हाय, मयुताई. नाचून बघायला माणसं लागतीलच की."

आई फळीवरून खाली उतरली आणि लेकीजवळ आली. "तीन पावसाळे म्हंजे, तू मुंबईला न्हाई जाणार?"

"नाही."

"हितंच ऱ्हाणार? घरात?"

"इथंच राहणार, आई."

"मग मेलं बरं झालं नापास झालं ते!" आई सगळ्यांदेखत म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

वाडदेकर बाईंसकट अख्खी पेठ हसली. मयुरीही हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं, लहान पोरीसारखं, भर रस्त्यात. आईनं तिचं तोंड आपल्या पदरानं खसाखसा पुसलं. मग मयुरीनं नाक ओढलं, खड्ड्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाली, "विराज, पहार आण. पाणी आत कुठवर गेलंय ते खणून बघू."